बसथांबा, फुटपाथ आणि पूल: मुंबई शहर विभागातील रहिवाशांनी माहिती अधिकाराचा अर्ज कसा करावा

कुलाब्यापासून माहीम आणि शीवपर्यंतच्या बेटावर, म्हणजे ज्याला महापालिका ‘शहर विभाग’ म्हणते तिथे, बसथांबा हलतो, बसच्या फेऱ्या कमी होतात, फुटपाथ खणून तसाच राहतो, पूल बंद होतो, आणि रहिवासी चिडून माहिती अधिकाराचा अर्ज करतात. बहुतेक अर्ज फुकट जातात. शेजारपाजारच्या लोकांचे अर्ज वाचून आणि दुरुस्त करून देण्याचे काम मी काही वर्षे करत आहे, आणि त्यावरून एवढे नक्की सांगता येते की अर्ज फसण्याची कारणे पुन्हापुन्हा तीच असतात: अर्ज चुकीच्या कार्यालयात जातो, त्यात कागद मागण्याऐवजी जाब विचारलेला असतो, किंवा उत्तर न मिळाल्यावर अपिलाची मुदत निघून जाते. खाली दिलेला क्रम पाळल्यास या तिन्ही चुका टळतात. टप्पे मागेपुढे करू नयेत.

टप्पा १: आधी तक्रार, मग अर्ज

माहिती अधिकार कायदा, २००५ हा काम करवून घेण्याचा कायदा नाही. कार्यालयाच्या ताब्यात असलेली नोंद तुमच्या हातात देणे एवढेच त्याचे काम आहे. म्हणून प्रथम महापालिकेच्या १९१६ या दूरध्वनी क्रमांकावर किंवा वॉर्ड कार्यालयात लेखी तक्रार करून तक्रार क्रमांक घ्यावा. बसविषयी तक्रार असेल तर ती बेस्ट उपक्रमाकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. हा क्रमांक हाती असला की अर्जात ‘माझ्या अमुक दिनांकाच्या, अमुक क्रमांकाच्या तक्रारीवर झालेल्या कार्यवाहीच्या सर्व टिपण्या व पत्रव्यवहाराच्या प्रती’ असे नेमके मागता येते. तक्रार केलेलीच नसेल, तर कार्यवाहीची नोंदही नसते, आणि ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर खरे ठरते.

याच वेळी जागेची ओळख पक्की करावी. ‘आमच्या गल्लीत’ हे कार्यालयाला कळत नाही. रस्त्याचे अधिकृत नाव, दोन्ही टोकांच्या चौकांची नावे, समोरच्या इमारतीचे नाव आणि दिव्याच्या खांबावर क्रमांक असल्यास तोही लिहून ठेवावा. भूखंडाचा किंवा इमारतीचा विषय असेल, तर शहर विभागात सी.एस. क्रमांक (कॅडस्ट्रल सर्व्हेचा भूखंड क्रमांक) आणि त्याचा महसुली विभाग लागतो. उपनगरात वापरला जाणारा सी.टी.एस. क्रमांक येथे चालत नाही. वडाळ्यातील अनेक भूखंड ‘सॉल्ट पॅन डिव्हिजन’ या नावाखाली नोंदलेले आहेत, हे तिथे जन्म काढलेल्यांनाही ठाऊक नसते.

तपासा: तक्रार क्रमांक, तक्रारीचा दिनांक, जागेचे वर्णन आणि दिनांकासह दोन-तीन छायाचित्रे एका पाकिटात आहेत ना?

टप्पा २: वस्तू कोणाची, हे ठरवणे

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्यावा. शहर विभागात एकाच चौकात उभे राहिले, तरी पायाखालचा फुटपाथ, डोक्यावरचा दिवा, समोरचा थांबा आणि पलीकडचा पूल ही चार वेगवेगळ्या कार्यालयांची मालमत्ता असू शकते. ‘सगळे महापालिकेचेच’ असे समजून केलेला अर्ज फिरत राहतो.

वॉर्ड. शहर विभागात ए, बी, सी, डी, ई, एफ दक्षिण, एफ उत्तर, जी दक्षिण आणि जी उत्तर असे नऊ प्रशासकीय वॉर्ड आहेत. नावावरून अंदाज बांधू नये. परळ एफ दक्षिणमध्ये येते, पण लोअर परळ जी दक्षिणमध्ये. माटुंगा, वडाळा आणि शीव एफ उत्तरमध्ये येतात, तर दादर, माहीम आणि धारावी जी उत्तरमध्ये. दादर पूर्वेच्या रहिवाशांनी तर घराचा पत्ता घेऊन वॉर्ड कार्यालयात एकदा विचारूनच घ्यावे. निवडणुकीचा प्रभाग आणि प्रशासकीय वॉर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्ज नेहमी प्रशासकीय वॉर्डाकडे जातो.

वॉर्डातही अर्जाला उत्तर देणारा माहिती अधिकारी एक नसतो. फुटपाथ आणि किरकोळ रस्तादुरुस्ती परिरक्षण विभागाकडे, पाणी जल विभागाकडे, कचरा घनकचरा व्यवस्थापनाकडे, अनधिकृत बांधकाम इमारत व कारखाने विभागाकडे असते, आणि प्रत्येकाचा जनमाहिती अधिकारी वेगळा असतो. रस्त्याच्या काँक्रिटीकरणाची मोठी कामे मात्र वॉर्डातून होत नाहीत. ती मध्यवर्ती रस्ते विभागाकडे असतात.

बस आणि दिवे. बसमार्ग, थांबे, फेऱ्या आणि आगारे यांची नोंद बेस्ट उपक्रमाकडे असते. बेस्ट महापालिकेचाच उपक्रम असला, तरी त्याचे महाव्यवस्थापक आणि माहिती अधिकारी स्वतंत्र आहेत, त्यामुळे वॉर्ड कार्यालयात बसचा अर्ज देऊन उपयोग नाही. शहर विभागात वीजपुरवठाही बेस्टच करते आणि रस्त्यांवरील दिवेही तीच सांभाळते. उपनगरातील नातेवाइकाने दिलेला अर्जाचा नमुना जसाच्या तसा वापरला की नेमका इथे घोळ होतो. थांबा वाहतूक कोंडीमुळे हलवला असे कोणी सांगत असेल, तर त्याविषयीचा पत्रव्यवहार वाहतूक पोलिसांकडेही असतो, आणि त्यांच्याकडे दुसरा अर्ज करावा लागतो.

रेल्वे, बंदर आणि पूल. मध्य व पश्चिम रेल्वे, तसेच मुंबई बंदर प्राधिकरण ही केंद्र सरकारची प्राधिकरणे आहेत. शिवडी, रे रोड, वडाळा या पूर्व किनाऱ्याच्या पट्ट्यातील बरेच रस्ते आणि जमिनी बंदर प्राधिकरणाच्या आहेत, महापालिकेच्या नाहीत. रुळांवरून जाणाऱ्या पुलाचा विषय आणखी गुंतागुंतीचा असतो. १ ऑगस्ट २०२४ पासून वाहतुकीस बंद झालेल्या शीव येथील पुलाचे उदाहरण घ्यावे: रुळांवरील भाग मध्य रेल्वेचा, तर दोन्ही बाजूंचे पोहोचरस्ते महापालिकेचे. म्हणजे ‘पुलाचे काम किती झाले’ या एका प्रश्नासाठी दोन सरकारांकडे दोन अर्ज. सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झालेल्या प्रभादेवीच्या पुलाची माहिती हवी असेल, तर मुख्य अर्ज एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) करावा.

मेट्रो आणि जुन्या इमारती. कफ परेडपर्यंत जाणारी भुयारी मेट्रो ३ चालवणारी कंपनी केंद्र आणि राज्य यांच्या समान भागीदारीतील आहे; तिच्या संकेतस्थळावर दिलेल्या माहिती अधिकाऱ्याकडेच अर्ज करावा. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर आकारला जाणाऱ्या, जुन्या इमारतींची दुरुस्ती म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे असते, आणि हे मंडळ केवळ शहर विभागापुरते आहे.

सावधान: कलम ६(३) प्रमाणे चुकीच्या कार्यालयाने अर्ज पाच दिवसांत योग्य प्राधिकरणाकडे पाठवायचा असतो. मात्र या तरतुदीवर विसंबून राहू नये. अर्ज हस्तांतरित होतो तेव्हा त्याचा एखादाच मुद्दा पुढे जातो, किंवा हस्तांतराचे पत्र घरी येतच नाही, आणि मग अपील कोणाकडे करायचे हेच कळत नाही.

टप्पा ३: अर्जापूर्वी कागद स्वतः पाहणे

हा टप्पा जवळजवळ सगळेच वगळतात. राज्य शासनाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख विनाशुल्क पाहता येतो. सोमवारी सुट्टी असल्यास त्यानंतरच्या कामकाजाच्या दिवशी. वॉर्ड कार्यालयात जाऊन आपल्या रस्त्याच्या कामाची नस्ती (फाइल) पाहण्याची विनंती करावी, आणि पाहताना केवळ तीन गोष्टी टिपून घ्याव्यात: नस्तीचा क्रमांक, कार्यादेशाचा (कंत्राटदाराला काम करण्यासाठी दिलेल्या आदेशाचा) क्रमांक व दिनांक, आणि हवी असलेली पाने. असे केल्यावर पुढचा अर्ज चार ओळींचा होतो, आणि ‘माहिती व्यापक स्वरूपाची आहे’ हे उत्तर देण्यास जागा उरत नाही.

नस्ती दाखवली गेली नाही, तर वाद घालू नये. भेटीचा दिनांक आणि वेळ टिपून ठेवून पुढच्या टप्प्याकडे जावे.

टप्पा ४: मसुदा

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा लागतो. बस, कचरा आणि फेरीवाले हे तीन विषय एका अर्जात घातले, तर एका विषयाचे उत्तर मिळते आणि उरलेले दोन परत येतात. तीन अर्ज करावेत. त्याला तीस रुपये लागतील.

‘का’, ‘कोणाच्या सांगण्यावरून’, ‘हे योग्य आहे का’ असे प्रश्न अर्जात नकोत. कायद्याला अभिप्रेत असलेली माहिती म्हणजे अस्तित्वात असलेली नोंद. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच स्पष्ट केले आहे की एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही याचे समर्थन मागणे माहितीच्या व्याख्येत बसत नाही. कारण जाणून घ्यायचे असेल, तर ज्या कागदावर ते कारण लिहिलेले असेल तो कागद मागावा.

आमच्या शेजारच्या एका काकूंनी आणलेला मसुदा असा होता: ‘आमच्या रस्त्यावरील फुटपाथ चार महिने उखडून ठेवला आहे, म्हातारी माणसे पडतात, याला जबाबदार कोण, आणि दुरुस्ती कधी करणार?’ त्यातील एकही शब्द खोटा नव्हता, पण त्यात मागितलेला एकही कागद नव्हता. त्याच विषयाचा दुरुस्त मसुदा असा झाला:

‘विषय: अमुक मार्ग, अमुक चौक ते अमुक चौक, डाव्या बाजूच्या फुटपाथवरील चर. कालावधी: अमुक दिनांक ते अमुक दिनांक.
(१) या ठिकाणी चर खोदण्यासाठी दिलेल्या परवानगीची प्रत, तिच्या अटींसह.
(२) चर बुजवून फुटपाथ पूर्ववत करण्यासाठी आकारलेल्या रकमेची नोंद.
(३) चर बुजवण्याच्या कामाचा कार्यादेश व मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पानांच्या प्रती.
(४) कार्यादेशातील दोषदायित्व कालावधीचे कलम.
(५) माझ्या अमुक क्रमांकाच्या तक्रारीवरील टिपण्यांच्या प्रती.’

मोजमाप पुस्तिकेचा, म्हणजे झालेल्या कामाची मापे नोंदवलेल्या वहीचा, मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काम झाल्याचे त्यात नोंदलेले असेल आणि फुटपाथ उखडलेलाच असेल, तर पुढच्या तक्रारीला वेगळा पुरावा लागत नाही. दोषदायित्व कालावधी चालू असेल, तर दुरुस्ती कंत्राटदाराने स्वखर्चाने करायची असते, आणि अभियंत्याला हे कागद दाखवून बोलता येते.

बसफेऱ्यांसाठी याच पद्धतीने मागावे: बसमार्गाचा क्रमांक, ठरावीक एका महिन्यातील वेळापत्रकानुसार ठरलेल्या फेऱ्या आणि प्रत्यक्ष झालेल्या फेऱ्या यांची नोंद, आणि मार्गात बदल केला असल्यास त्या निर्णयाची मान्य झालेली टिपणी. महिना एकच मागावा. पाच वर्षांचा तक्ता मागितला, तर कलम ७(९) दाखवून ‘कार्यालयात येऊन पाहा’ असे सांगितले जाते.

कलम २(ञ) प्रमाणे चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही अधिकार आहे. पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीटच्या दर्जाविषयी शंका असेल, तर अर्जात तसे स्पष्ट लिहावे.

तपासा:
• अर्ज व्यक्तीच्या नावाने आहे का? सोसायटीच्या किंवा मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज करू नये. कायद्याने अधिकार नागरिकाला दिला आहे.
• माहिती कशासाठी हवी हे लिहिले असेल, तर ते वाक्य काढून टाकावे. कलम ६(२) प्रमाणे कारण सांगण्याची गरज नाही.
• कालावधीच्या सुरुवातीचा आणि शेवटचा दिनांक लिहिला आहे का?
• एखाद्या कर्मचाऱ्याचा घरचा पत्ता, पगार, रजा अशी व्यक्तिगत माहिती मागितली असेल, तर ती वगळावी. त्या एका मुद्द्यावरून उरलेला अर्जही रखडतो.

टप्पा ५: शुल्क आणि दाखल करणे

राज्याच्या कार्यालयांसाठी, म्हणजे महापालिका, बेस्ट, म्हाडा, एमएमआरडीए आणि वाहतूक पोलीस यांच्यासाठी, जोडपत्र ‘अ’च्या नमुन्यात अर्ज करून त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. रोख रक्कम भरल्यास पावती घ्यावी. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने पुराव्याची प्रत जोडल्यास शुल्क लागत नाही.

केंद्राच्या कार्यालयांसाठी, म्हणजे रेल्वे आणि बंदर प्राधिकरणासाठी, कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही. तिथे १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावावी किंवा केंद्राच्या पोर्टलवरून शुल्क भरावे. शब्दमर्यादा तिथे ५०० आहे.

ऑनलाइन अर्जासाठी राज्याचे आणि केंद्राचे पोर्टल वेगळे आहे. महापालिकेचा अर्ज केंद्राच्या पोर्टलवर केला, तर तो परत येतो आणि शुल्क बुडते. राज्याच्या पोर्टलवर आधी यादीत आपले प्राधिकरण आणि त्याखालील नेमका विभाग दिसतो का ते पाहावे. दिसत नसेल, तर जवळचा वाटेल तो विभाग न निवडता कागदी अर्ज द्यावा.

कागदी अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. आवक विभागाच्या खिडकीवर स्वतःच्या प्रतीवर शिक्का, दिनांक आणि आवक क्रमांक घ्यावा, आणि खिडकी सोडण्यापूर्वी तो वाचावा. माझ्या स्वतःच्या एका अर्जावर एका कार्यालयात शाई उतरलेला शिक्का बसला. ‘१’ की ‘७’ हे कळत नव्हते, आणि मी घरी येईपर्यंत ते पाहिले नाही. अपिलाच्या सुनावणीत मुदत कधी सुरू झाली यावरच अर्धा तास गेला. तेव्हापासून शिक्का पुसट असेल, तर त्याशेजारी लिपिकाकडून पेनाने दिनांक लिहून घेतो. टपालाने पाठवायचा असल्यास स्पीड पोस्ट वापरावे आणि पोहोचल्याचा ऑनलाइन तपशील छापून ठेवावा.

टप्पा ६: तीस दिवसांची मोजणी

अर्ज कार्यालयात पोहोचल्यापासून ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. सहायक माहिती अधिकाऱ्यामार्फत अर्ज गेला असल्यास त्यात पाच दिवस वाढतात. अर्ज हस्तांतरित झाला असल्यास दुसऱ्या कार्यालयाला तो मिळाल्यापासून ३० दिवस धरावेत. दिनदर्शिकेवर दोन खुणा कराव्यात: तिसाव्या दिवशी एक आणि साठाव्या दिवशी दुसरी. साठाव्या दिवसाची खूण अपिलाच्या शेवटच्या दिवसाची आहे.

मधल्या काळात शुल्काचे पत्र येऊ शकते. राज्यात प्रतींसाठी प्रत्येक पानाला २ रुपये आकारले जातात, आणि पत्रात रकमेचा हिशेब दिलेला असायला हवा. नसेल, तर लेखी मागावा. पत्र पाठवल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत मोजले जात नाहीत, म्हणून हे पत्र आल्यावर दोन दिवसांच्या आत पैसे भरून पावती घ्यावी. कित्येक लोक ‘पैसे कशाला’ म्हणून पत्र बाजूला ठेवतात आणि अर्ज तिथेच संपतो. ३० दिवसांची मुदत उलटून गेल्यावर मात्र माहिती विनामूल्य द्यावी लागते, हे कलम ७(६) सांगते; मुदतीनंतर शुल्काचे पत्र आले, तर या कलमाचा उल्लेख करून उत्तर द्यावे.

पाने जास्त असतील, तर प्रतींऐवजी पाहणी मागावी. पाहणीचा पहिला तास विनाशुल्क असतो.

टप्पा ७: प्रथम अपील

उत्तर आले नाही, तर कायद्याच्या दृष्टीने माहिती नाकारली असेच समजले जाते. अशा वेळी तोच अर्ज पुन्हा करणे ही सर्वांत महाग चूक आहे, कारण नव्या अर्जाने मुदत नव्याने सुरू होते आणि आधीच्या अधिकाऱ्याचा विलंब नोंदीबाहेर जातो. मुदत संपल्यापासून किंवा उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत, जोडपत्र ‘ब’च्या नमुन्यात, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून त्याच प्राधिकरणाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करावे. केंद्राच्या कार्यालयांकडे अपिलाला शुल्क नाही. नकाराच्या पत्रात अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील आणि अपिलाची मुदत देणे बंधनकारक आहे. ते नसेल, तर अपिलात तसे नमूद करावे.

अपिलात मुद्दानिहाय लिहावे: मुद्दा १ ची माहिती मिळाली, मुद्दा ३ मध्ये मोजमाप पुस्तिकेची पाने मागितली होती, त्याऐवजी केवळ कार्यादेश दिला, मुद्दा ५ ला उत्तर नाही. नवीन प्रश्न घालू नयेत, कारण अपिलात मूळ अर्जापलीकडची माहिती मिळत नाही.

सुनावणीला स्वतः जावे. सोबत अर्ज, पोच, शुल्काची पावती, उत्तर आणि अपील हे दिनांकाच्या क्रमाने लावलेले कागद असावेत. फुटपाथची व्यथा सांगण्याचा मोह आवरावा. तिथे निर्णय एवढाच व्हायचा असतो की मागितलेला कागद कार्यालयात आहे का, आणि असल्यास तो का दिला नाही. अपिलाचा निर्णय ३० दिवसांत, आणि कारणे नोंदवून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावा लागतो.

टप्पा ८: दुसरे अपील

प्रथम अपिलाचा आदेश मिळाल्यापासून, किंवा तो मिळायला हवा होता त्या दिवसापासून, ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या बृहन्मुंबई खंडपीठाकडे जोडपत्र ‘क’च्या नमुन्यात २० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह दुसरे अपील करावे. रेल्वे आणि बंदर प्राधिकरणाच्या बाबतीत ते नवी दिल्लीतील केंद्रीय माहिती आयोगाकडे जाते.

येथे कलम १८ (आयोगाकडे तक्रार) आणि कलम १९(३) (दुसरे अपील) यांत गल्लत होते. कलम १८ ची तक्रार केल्यास अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो, पण त्या तक्रारीतून माहिती देण्याचा आदेश मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हे स्पष्ट केले आहे. कागद हवा असेल, तर कलम १९(३) खालीच अपील करावे, आणि विलंबासाठी कलम २० प्रमाणे दररोज २५० रुपये व कमाल २५,००० रुपयांच्या दंडाची मागणी त्याच अपिलाच्या विनंतीत लिहावी.

आयोगाकडे प्रकरणे साचलेली असतात, त्यामुळे सुनावणीची वाट पाहताना टप्पा १ मधील मूळ तक्रार जिवंत ठेवावी. हाती आलेला प्रत्येक कागद, मग तो केवळ कार्यादेश का असेना, त्याची प्रत जोडून वॉर्डाच्या सहायक आयुक्तांना पुन्हा पत्र द्यावे आणि त्या पत्रावरही पोच घ्यावी. काकूंचा फुटपाथ असाच नीट झाला: मोजमाप पुस्तिकेची पाने अजून मिळालेली नव्हती, पण दोषदायित्व कालावधीचे कलम पत्राला जोडले होते.